एकटीने रानातला मुक्काम : खानापूर–चंदगड पट्ट्यात तयारी कशी करावी?

मलप्रभाकाठ (धागाकर्ती), ६ ऑक्टोबर

नमस्कार. मी बेळगावची असून माझे वय ४३ आहे. गेली बारा वर्षे मी गटाबरोबर डोंगरात फिरते आहे; राजहंसगडापासून पारगडापर्यंत या भागातील बहुतेक किल्ले पाहून झाले आहेत. मात्र या बारा वर्षांत मी एकदाही स्वतः वाट शोधलेली नाही आणि मुक्कामाची जागाही स्वतः निवडलेली नाही. गेल्या पावसाळ्यात तिलारीच्या बाजूला गट पुढे निघून गेला आणि एका फाट्यावर मी पंधरा मिनिटे नुसती उभी राहिले, तेव्हा ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली. पुढच्या माणसाच्या टाचा बघत चालण्याची मला सवय झाली आहे. ती मोडावी म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस दोन रात्री आणि तीन दिवस, पाठीवर सर्व सामान घेऊन, एकटीने जाण्याचे मी ठरवले आहे.

कणकुंबीला बसने उतरावे, मलप्रभेच्या उगमाशी माउलीच्या देवळात नमस्कार करावा, तेथून भीमगडाच्या रानात शिरावे आणि तळेवाडीकडे बाहेर पडावे, असा कच्चा बेत आहे. तंबू कोठे लावावा, पाठीवर किती वजन असावे आणि एकटे असताना काही बिघडले तर काय करावे, हे माझे प्रश्न आहेत. आईचा चौथा प्रश्न आहे, तो म्हणजे ‘एकटीच कशाला?’ त्याचे उत्तर मी देईन.

जांबोटीकर, ६ ऑक्टोबर

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल, कारण ते चुकले तर बाकीच्यांना अर्थ राहत नाही. तुमचा कच्चा बेत कृपया रद्द करा.

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. मग स्वतःचा तंबू लावून रात्र काढणे तर दूरच. तुम्ही आखलेल्या वाटेवर वाघ, बिबट्या, अस्वल आणि गवे यांचा वावर आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते, ज्याची वसतिस्थाने जगात मोजकीच आहेत. त्या गुहांच्या तोंडाशी माणसाने विजेरी घेऊन रात्री फिरू नये, हे कायद्याने सांगण्याचीही खरे तर गरज नसावी.

आपल्या भागाची दुसरी अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. चोर्ल्याच्या परिसरात तीन राज्यांच्या हद्दी भिडतात, पण रानात हद्दीचा एखादा दगड सोडला तर ती डोळ्यांना दिसत नाही. धुक्यात चार पावले पश्चिमेला पडली की तुम्ही गोव्याच्या म्हादई अभयारण्यात असता, जे १९९९ पासून संरक्षित आहे. उत्तरेला वळलात तर महाराष्ट्रात २०२० मध्ये तिलारीचे आणि पाठोपाठ चंदगडचेही रान संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले आहे. एका दिवसात तीन वनखात्यांच्या कायद्यांखाली येणे या पट्ट्यात सहज शक्य आहे, आणि ‘मला हद्द कळली नाही’ हे उत्तर तिघांपैकी कोणीही ऐकून घेणार नाही.

मग एकट्याने जायचेच नाही का? जायचे, पण मुक्काम मालकी जमिनीवर करायचा. जांबोटी पट्ट्यात आणि चंदगड तालुक्यात रानाला लागून काजूच्या बागा, नाचणीची वरकस शेते आणि गवळी धनगरांचे वाडे आहेत. मालकाला विचारावे आणि त्याने दाखवलेल्या जागी तंबू लावावा. महाराष्ट्राच्या बाजूला असाल तर गावच्या पोलीस पाटलांना नाव, पत्ता आणि निघण्याची वेळ सांगून ठेवावी. आपल्या बाजूला पोलीस पाटील नसतो, तेव्हा ग्रामपंचायत सदस्याला किंवा देवस्थानच्या पंचांपैकी कोणाला तरी भेटावे. देवराईत मात्र कोणी हो म्हटले तरी मुक्काम करू नका. तेथे राखणदार असतो असे गाव मानते, आणि गावाच्या मानण्याचा मान आपण ठेवला तरच पुढच्या वेळी गाव आपल्याला ओळख देते.

जुना भिडू, ७ ऑक्टोबर

इतके घाबरवण्याचे कारण नाही. आम्ही १९९२ मध्ये चौघे जण भीमगडावर दोन रात्री राहिलो, शेकोटी केली, भात शिजवला. कोणी विचारले नाही आणि काही झालेही नाही.

जांबोटीकर, ७ ऑक्टोबर

कोणी विचारले नाही म्हणजे परवानगी होती असे नव्हे. शिवाय तुम्ही चौघे होता, ताई एकट्या आहेत. चौघांच्या आठवणीवर एकीने बेत आखू नये. शेकोटीबद्दल तर स्पष्टच लिहितो. नोव्हेंबर संपता संपता पठारावरचे गवत वाळलेले असते आणि वनक्षेत्रात आग पेटवणे हा गुन्हा आहे. मालकी जमिनीतही मालकाच्या चुलीपाशी बसावे, आपली वेगळी पेटवू नये.

चंदगडी रताळे, ७ ऑक्टोबर

मी चंदगड तालुक्यातला शेतकरी आहे. फिरायला येणाऱ्यांना वाघाची भीती वाटते आणि मला त्याचे हसू येते, कारण आमच्याकडे रात्री माणसाला धोका होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा.

एक म्हणजे तारा. डुकरे आणि गवे ऊस, भात आणि रताळी उद्ध्वस्त करतात, म्हणून काही जण शेताभोवती तारा ओढतात आणि बेकायदा थेट वीज सोडतात. अंधारात ती तार दिसत नाही. म्हणून दिवस मावळल्यावर बांधावरून चालायचे नाही, आडवाटेने शेत ओलांडायचे नाही. ‘पायवाटेने गेलो तर एक किलोमीटर वाचेल’ हा विचार रात्री मनात आणायचा नाही. पाण्याच्या वाटेवर डुकरांसाठी फास लावलेले असतात, काही ठिकाणी गावठी बॉम्बही टाकलेले असतात. जमिनीवर पडलेली पिठाच्या गोळ्यासारखी किंवा पुडीसारखी दिसणारी वस्तू उचलू नये आणि तिला लाथही मारू नये. रात्री चोरटे शिकारी फिरतात, त्यांना पानांची हालचाल दिसली की ते बंदूक रोखतात. यासाठी तंबू गडद हिरवा नसावा आणि बाहेर एक छोटा दिवा रात्रभर लावून ठेवावा. रानात लपून राहण्याची हौस आमच्या भागात महागात पडते.

दुसरी गोष्ट हत्ती. दांडेलीच्या रानातून खानापूरमार्गे हत्ती आमच्याकडे यायला लागून आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. भात कापणीला येतो आणि ऊस उभा असतो तेव्हा ते शेतात उतरतात, म्हणजे नेमक्या तुमच्या तारखांना. जेथे मुक्काम करायचा तेथे दुपारीच विचारावे : ‘गेल्या आठ दिवसांत हत्ती कुठल्या बाजूला होते?’ प्रत्येक वाडीला याचे उत्तर पाठ असते. ऊस किंवा भाताचे खळे आणि ओढा यांच्या मधल्या पट्ट्यात तंबू लावू नये, कारण तीच त्यांची वाट असते. केळी, गूळ, मीठ हे पदार्थ तंबूत ठेवू नयेत. मालकाच्या घरी ठेवावेत. आणि गवा दिसला तर फोटोसाठी पुढे जाऊ नये, एवढेच सांगतो; तो शांत उभा असतो तोवरच शांत असतो.

मलप्रभाकाठ, ९ ऑक्टोबर

विजेच्या तारांचे मला खरोखर माहीत नव्हते. बारा वर्षे मी या शेतांच्या कडेने चालत आले आहे, पण नेहमी दिवसा.

बेत बदलला आहे. बेळगावहून चंदगड, तेथून इसापूरच्या बाजूने पारगड असे जाईन. पहिली रात्र पायथ्याकडील एका वाडीजवळ मालकी जागेत तंबूत काढीन. दुसरी रात्र गडावर. गडावर वस्ती आहे, घरे आहेत आणि भवानीचे देऊळ आहे, त्यामुळे तेथे तंबूची गरज पडेल असे वाटत नाही, तरी तो जवळ असेल. मधला दिवस माझा एकटीचा, नकाशा आणि होकायंत्र घेऊन, फक्त गाडीवाटांनी आणि मळलेल्या वाटांनी.

आता वजन. माझे वजन ५८ किलो आहे. काल सगळे सामान भरून काट्यावर ठेवले तर ते १५.८ किलो भरले. त्यात तीन माणसांचा तंबू ३.४ किलो, शयनपिशवी १.८ किलो, गॅसची शेगडी, सिलिंडर, दोन पातेली, तांदूळ आणि डाळ मिळून दीड किलो, कपड्यांचे तीन जोड, दोन पॉवर बँका आणि चार लिटर पाणी आहे. उरलेल्यात सटरफटर. मी दोन मजले चढून उतरले आणि गुडघ्यांनी तक्रार केली.

तिखट कुंदा, ९ ऑक्टोबर

पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे, असा साधा हिशेब मी धरतो. तुमच्यासाठी तो साडेअकरा किलोच्या जवळ येतो, म्हणजे चार किलोंहून अधिक वजन काढावे लागेल. सटरफटर काढून ते होणार नाही. मोठ्या वस्तूंनाच हात घालावा लागेल.

तीन माणसांचा तंबू एकटीला नेण्याचे कारण नाही. एका माणसाचा दुहेरी कापडाचा तंबू पावणेदोन किलोच्या आत मिळतो. मित्रमंडळींकडे उसना मिळत असेल तर विकत घेऊ नका. दुहेरी कापड मात्र सोडू नये. आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये दव इतके पडते की एकेरी कापडाच्या तंबूत पहाटे आतून पाणी ठिबकते, आणि लोक समजतात की तंबू गळतो. तो गळत नाही, तो आपलाच श्वास असतो. म्हणून वारा खेळण्याच्या जाळ्या बंद करू नका. शयनपिशवी दहा अंशांपर्यंत ऊब देणारी असली की पुरते. खाली अंथरायची चटई मात्र चांगली घ्या; थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते.

आता शेगडी. दोन रात्रींसाठी ती हवीच कशाला? गॅसचा डबा रेल्वेत नेण्यास मनाई आहे, बसमध्येही तो नेऊ नये, आणि तुम्ही बसनेच जाणार आहात. आपल्या आज्यांनी पंढरीच्या वाटेवर शेगडी नेली नव्हती. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ–दाण्याचे लाडू आणि थोडे मेतकूट घ्या. गाव जवळ आहे, तेथे गरम भात मिळेल. कुंदा नेऊ नका. माझे टोपणनाव तेच असले तरी सांगतो, मुंग्यांना त्याचा पत्ता तुमच्या आधी लागतो.

कपडे म्हणजे अंगावर एक जोड, झोपण्यासाठी एक कोरडा जोड आणि एक लोकरी टोपी. झोपायचा जोड काहीही झाले तरी दिवसा घालायचा नाही. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, म्हणून चालताना ते टाळावेत. नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळ उठले तर अवकाळी पाऊस होतो, तेव्हा एक पातळ रेनकोट आणि पिशवीच्या आतून लावायला एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी ठेवा. बाहेरचे पावसाळी आच्छादन पाठीच्या बाजूने पाणी आत सोडते. आतली पिशवी सोडत नाही.

मलप्रभाकाठ, ९ ऑक्टोबर

आणि चहा?

तिखट कुंदा, ९ ऑक्टोबर

चहासाठी वाडीत जावे. एकटीने फिरणे म्हणजे माणसांशी बोलणे वर्ज्य आहे असे कोणी सांगितले?

खानापूरची परिचारिका, ११ ऑक्टोबर

मी आरोग्य सेवेत आहे, म्हणून माझ्या बाजूचे लिहिते.

गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका. १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखल्या गेलेल्या रोगाला आपल्याकडे माकडताप म्हणतात. गेल्या काही वर्षांत सत्तरी, दोडामार्ग आणि आपल्या खानापूर तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. गोचिडीची बारीक पिल्ले कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मे या काळात, पालापाचोळ्यात जास्त असतात. तुमची सहल त्या हंगामाच्या उंबरठ्यावर आहे. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घाला, विजारीची टोके मोज्यांत खोचा, उघड्या त्वचेवर कीटकरोधक मलम लावा आणि पाचोळ्यावर थेट बसू नका. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि केसांची मुळे तपासा. गोचीड चिकटली असेल तर तिच्यावर रॉकेल किंवा काडेपेटी वापरू नका. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. परतल्यानंतर साधारण आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरांना ‘मी रानात राहून आले आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. बहुतेक जण ते शेवटी सांगतात.

सापाविषयी. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. झुडपांत दिसणारा चापडा त्यात येत नाही, तरी त्याच्या दंशावर रुग्णालयात लक्षणांप्रमाणे उपचार होतात. दंश झाला तर जखम कापणे, विष चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांतले काहीही करू नये. अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. एकटे असताना पळत सुटण्याचा मोह होतो. तसे न करता जागेवर बसून १०८ ला किंवा वाडीतल्या माणसाला फोन करणे केव्हाही चांगले. त्यासाठी वाडीतल्या दोघांचे क्रमांक आधी घेतलेले असले पाहिजेत. कोणत्या सरकारी रुग्णालयात लस ठेवलेली आहे, हेही निघण्याच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा.

ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी वर गुरे बसलेली असतात. शेगडी नेणार नसाल तर क्लोरीनच्या गोळ्या घ्या आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा; वाडीतले पाणी घेतले तर ते एक मिनिट खळखळून उकळून मागा. पायाला जखम असेल तर भातखाचरांच्या चिखलात उतरू नका, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो ताप सुगीच्या दिवसांत आम्ही पाहतो.

रानातली शांता, ११ ऑक्टोबर

माझे टोपणनाव विनोदाने घेतलेले आहे, पण गेली सहा वर्षे मी एकटी जाते, म्हणून बाईमाणसाच्या बाजूचे दोन शब्द.

वाडीवर चार वाजायच्या आत पोहोचा. नोव्हेंबरच्या अखेरीस सहाला सूर्य मावळतो आणि झाडीत साडेपाचलाच अंधारते. पुरुषांशी बोलायच्या आधी घरातल्या बायकांशी बोला. ओटीवर बसा, पाणी मागा, कोण कुठली ते स्वतःहून सांगा. ‘मागून माणसे येत आहेत’ अशी थाप पूर्वी मी मारत असे. ती मी सोडली, कारण माणसे आली नाहीत की वाडीला काळजी वाटते आणि रात्री विजेऱ्या घेऊन लोक शोधायला निघतात. माझ्यामुळे एकदा तसे झाले आहे आणि मला अजून त्याची लाज वाटते. खरे सांगावे, पण ते घरातल्या म्हातारीला सांगावे. रस्त्यावर गाडी थांबवून विचारणाऱ्याला सांगू नये. मुक्कामाची जागा समाजमाध्यमांवर परतल्यानंतरच टाकावी.

पाळीची तारीख पुढेमागे होते, तेव्हा कापडे किंवा पॅड जवळ असू द्या आणि वापरलेले सर्व बंद पिशवीत परत आणा. विधीसाठी पाण्यापासून साठ–सत्तर पावले दूर वीतभर खड्डा करावा. लहान खुरपे पुरते.

सीमेवरचा, १२ ऑक्टोबर

तिसरा प्रश्न अजून राहिला आहे : एकटे असताना काही बिघडले तर?

परदेशी व्हिडिओ पाहून अनेक जण उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी यंत्रे मागवू पाहतात. आपल्या देशात अशी यंत्रे आणि उपग्रह फोन परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी विमानतळांवर लोकांना ताब्यात घेतले गेले आहे. तेव्हा तो मार्ग सोडा. जांबोटीच्या पुढे आणि चंदगडच्या पश्चिमेला मोबाइलला दरीत रेंज नसते, खिंडीत असते. रेंज शोधत फोन रात्रभर तडफडतो आणि पहाटेपर्यंत बॅटरी संपते. म्हणून तो विमान-स्थितीत ठेवावा आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उंच जागेवरूनच चालू करावा. ११२ हा क्रमांक तिन्ही राज्यांत चालतो. फोन लागल्यावर आधी राज्य आणि तालुका सांगा, कारण हद्दीवर फोन शेजारच्या राज्याच्या मनोऱ्याला लागून भलत्याच नियंत्रण कक्षात जाऊ शकतो.

नकाशा दोन प्रकारचा असावा. फोनमध्ये आधी उतरवून घेतलेला आणि कागदावरचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, आपला भाग जुन्या क्रमांकाप्रमाणे ४८ आय या पत्रकमालेत येतो. त्यावरच्या वाड्यांची नावे कधी कधी चुकीची लिहिलेली आढळतात, पण डोंगराच्या रेषा चुकत नाहीत.

हे सर्व मात्र दुय्यम आहे. एकट्याने जाणाऱ्या माणसाची खरी सुटका घरी ठेवलेल्या कागदावर अवलंबून असते. कोणत्या दिवशी कोणती वाट, मुक्काम कोणाच्या जागेत, वाडीतल्या दोन माणसांचे क्रमांक, तंबूचा आणि कपड्यांचा रंग, आणि सर्वांत महत्त्वाच्या दोन वेळा. पहिली वेळ तुम्ही फोन करण्याची. दुसरी वेळ, जी उलटल्यावर घरच्यांनी विचार न करता वाडीत फोन करायचा आणि वाडीतून उत्तर आले नाही तर पोलिसांना कळवायचे. या दोन वेळांत तीन तासांचे अंतर ठेवा. दुसरी वेळ लिहिलेली नसेल तर घरचे ‘रेंज नसेल’ म्हणत सकाळपर्यंत थांबतात. आणि तुम्ही वाट बदललीत, तर तो कागद खोटा ठरतो. एकटे असताना वाट बदलण्याचा हक्क आपल्याला नाही. परत फिरण्याचा हक्क तेवढा आहे.

मलप्रभाकाठ, २ नोव्हेंबर

कागद लिहिला. भावाने तो वाचून तीन प्रश्न विचारले, त्यांतील दोनांची उत्तरे मला देता आली नाहीत. म्हणून तो पुन्हा लिहिला.

दरम्यान दोन रंगीत तालमी केल्या. पहिली आमच्या गच्चीवर. दुसरी येळ्ळूरजवळ मैत्रिणीच्या शेतात, जेथून राजहंसगड दिसतो. उसना तंबू अंधारात लावून पाहिला; पहिल्यांदा बावीस मिनिटे लागली, दुसऱ्यांदा नऊ. पहाटे दवाने सर्व भिजले, कारण थंडी वाजली म्हणून मी जाळ्या बंद केल्या होत्या. वजन आता १०.७ किलो आहे. शेगडी आणि तिचा संसार घरी राहिला, एक पॉवर बँक कमी झाली, पाणी तीन लिटर.

झोप मात्र लागली नाही. कोल्हेकुई ओळखता आली. त्यानंतर कोणीतरी लाकडावर ठक-ठक करत असल्यासारखा एकसुरी आवाज तासभर येत होता. तो कशाचा असावा?

चंदगडी रताळे, २ नोव्हेंबर

तो रातवा. पक्षी आहे. रानात कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला आणि आसपास वस्ती नसेल तर ते भेकर. भेकर एकदा भुंकून थांबले तर तुम्हाला पाहून भुंकले. बराच वेळ भुंकत राहिले तर त्याने दुसरे काही पाहिले आहे, तेव्हा तंबूतच राहावे. आमच्या पठारावर जांभा आहे हे लिहायचे राहिले होते. खुंट्या त्यात शिरत नाहीत. दोरीच्या फाशात दगड अडकवून ताण देण्याचा सराव करून या.

मलप्रभाकाठ, १ डिसेंबर

जाऊन आले. लांबलचक वर्णन लिहीत नाही, या धाग्याशी संबंधित तेवढेच लिहिते.

पहिल्या दिवशी साडेतीनला वाडीवर पोहोचले. ज्या काकूंशी भावाने आधी फोनवर बोलून ठेवले होते त्यांच्या ओटीवर बसले. तंबूसाठी काजूच्या बागेतली जागा ठरली होती, पण हत्तींचे विचारताच काकूंनी सांगितले की परवा रात्री दोन हत्ती ओढ्यापलीकडच्या उसात होते. बाग आणि ऊस यांच्या मधूनच ओढा जातो. मी जागा पाहिली, रताळेदादांचे वाक्य आठवले आणि तंबू काकूंच्या अंगणात, गोठ्याशेजारी लावला. बारा वर्षांनी स्वतः निवडलेली पहिली जागा गोठ्याजवळची निघाली. खुंट्या एकही शिरल्या नाहीत, दगड लावले. जाळ्या उघड्या ठेवल्या, कोरडी उठले.

दुसऱ्या दिवशी मधल्या वाटेत एका फाट्यावर फोनमधला नकाशा एक सांगत होता आणि पायाखालची मळलेली वाट दुसरीकडे जात होती. पिशवी खाली ठेवली, कागदी नकाशावर ओढ्याचे वळण जुळवले, समोरचा डोंगर जुळवला. तेथेही पंधरा मिनिटे उभी होते, पण या वेळी मला पुढे कोण गेले याची वाट बघायची नव्हती. मळलेली वाट बरोबर निघाली. गडाच्या पायऱ्या चढताना १०.७ किलोंपैकी प्रत्येक शंभर ग्रॅम ओळखीचा झाला होता.

एक चूक घडली. गडावर पोहोचल्याचा फोन पाच वाजता करायचा होता. गप्पांत आणि गरम भाताच्या वासात मी फोन चालू करायचे विसरले. आठवले तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. दुसरी वेळ आठची होती. भावाने पहिल्या घंटेलाच उचलला. समोर कागद आणि त्यावर पोलीस पाटलांचा क्रमांक घेऊन तो बसला होता. तो रागावला नाही. ‘अजून वीस मिनिटे होती’ एवढेच म्हणाला आणि फोन आईकडे दिला. आईने विचारले, चहा मिळाला का.

पुढच्या वेळी घड्याळात पाचचा गजर लावीन. तंबूच्या दोरीला अडकवायचे दगड अंधारात शोधायला लागू नयेत म्हणून ते दुपारीच गोळा करून ठेवावेत, हेही यादीत घातले आहे. तंबू उन्हात वाळवून परत केला आहे. संध्याकाळच्या तपासणीत डाव्या गुडघ्यामागे एक गोचीड सापडली, ती चिमट्याने काढली, तारीख लिहून ठेवली आहे आणि अजून ताप आलेला नाही.

खानापूरची परिचारिका, १ डिसेंबर

आणखी दहा दिवस रोज सकाळी ताप मोजा आणि येथे कळवा.